जुना सायनस, रोजचं नाक आणि उकळलेलं पाणी : कुपवाडच्या घरांसाठी कामाची माहिती

फजरची अजान झालेली असते. मस्जिदीत वुजूच्या नळांवर चार-पाच माणसं बसलेली असतात आणि त्यातल्या एखाद्या-दोघांच्या शिंका काही केल्या थांबत नाहीत. नाकात पाणी घेतलं की आणखी दहा शिंका, डोळ्यांतून पाणी, कपाळ जड. मग खिशातून नाकात टाकायच्या थेंबांची छोटी बाटली निघते, दोन थेंब जातात आणि माणूस सफमध्ये उभा राहतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही भाई, सायनस आहे. दहा वर्षं झाली."

कुपवाडमध्ये हे चित्र नवं नाही. एका बाजूला एमआयडीसी, तिथल्या फाउंड्र्या, ग्राइंडिंग, सुताचे आणि कापडाचे कारखाने. जवळच सांगलीची हळदीची मोठी पेठ, हळद पॉलिश आणि मिरची कांडपाची धूळ. हंगामात उसाच्या पाचटाचा आणि गुऱ्हाळाचा धूर. मिरज-सांगली-कुपवाड रस्त्यांवरची धूळ तर बारमाही. ज्याचं नाक आधीच नाजूक आहे त्याला इथं वर्षभर काही ना काही निमित्त मिळत राहतं.

जुन्या सायनसवर एका दिवसात बरं करणारा उपाय नाही. पण रोज दहा मिनिटांची साधी, हळुवार काळजी घेतली तर बराच त्रास आटोक्यात येतो. ही काळजी म्हणजे मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं. ते कसं करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठलं पाणी वापरायचं, हे नीट समजून घ्यायला हवं. पाण्यात चूक झाली तर ती क्वचित जीवावर बेतू शकते.

सायनस म्हणजे नेमकं काय?

आपण "मला सायनस आहे" म्हणतो, पण सायनस हे आजाराचं नाव नाही. चेहऱ्याच्या हाडांत हवा भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. गालांच्या मागे, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या अगदी मागे खोलवर अशा त्यांच्या चार जोड्या असतात. सगळ्यांना ते असतात. त्यांना सूज आली की तो आजार, म्हणजे सायनसायटिस.

या पोकळ्यांच्या आत ओलसर अस्तर असतं. ते रोज पातळ चिकट स्राव तयार करतं. नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण एक लिटर स्राव बनतो आणि तो आपल्या नकळत घशातून पोटात जातो. त्यात धूळ, जंतू, धुराचे कण अडकतात. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते शेतातलं पीक वाऱ्यानं डोलावं तसे सतत एका दिशेनं हलतात आणि हा कचरा पुढे ढकलतात. ही आपल्या नाकाची रोजची झाडलोट.

गालातल्या सायनसचं तोंड खाली नसून वरच्या बाजूला असतं. म्हणजे तिथला स्राव आपोआप खाली वाहून जात नाही, त्या केसांनी तो वर ढकलावा लागतो. धूळ, ॲलर्जी, सर्दी यांमुळे तोंडाशी सूज आली की वाट बंद. मग स्राव आत साचतो, घट्ट होतो, त्यात जंतू वाढतात. म्हणून गाल दुखतात, वाकलं की डोकं जड होतं.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. त्रास चार आठवड्यांच्या आत संपला तर तो तात्पुरता सायनसायटिस. नाक चोंदणं, घट्ट किंवा पिवळट स्राव पुढे येणं किंवा घशात उतरणं, चेहऱ्यावर दाब आणि वास कमी येणं यांतल्या किमान दोन तक्रारी बारा आठवडे किंवा त्याहून जास्त राहिल्या, तर डॉक्टर त्याला जुनाट सायनसायटिस म्हणतात. त्यात नाक चोंदणं किंवा स्राव यांपैकी एक तरी तक्रार असायला हवी.

प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते

इथं बरेच जण फसतात. कपाळ दुखलं, डोळ्यांच्या मागे ठणकलं की आपण "सायनस उठला" म्हणतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या जवळपास ३,००० लोकांची तपासणी केली गेली. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची म्हणजे अर्धशिशीच्या प्रकारची निघाली.

डोकेदुखीबरोबर मळमळ होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, पण नाकातून घट्ट स्राव येत नाही, असं असेल तर डॉक्टरांना मायग्रेनबद्दल जरूर विचारा. आणि सकाळी उठल्याबरोबर सलग शिंका, पाण्यासारखं नाक गळणं, नाक-डोळ्यांना खाज हे मुख्य असेल तर बहुतेक वेळा ती ॲलर्जी असते. ॲलर्जी आणि सायनस एकाच घरात राहणाऱ्या जावांसारखे, अनेकांना दोन्ही एकत्रच असतात. पण उपचार थोडे वेगळे आहेत, म्हणून एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नीट निदान करून घेतलेलं बरं.

मिठाच्या पाण्यानं नेमकं काय होतं?

मिठाचं पाणी जंतू मारणारं औषध नाही. ते धुण्याचं काम करतं. साचलेला घट्ट स्राव पातळ होऊन निघतो, दिवसभर श्वासातून गेलेली धूळ आणि परागकण धुतले जातात, अस्तरावरच्या बारीक केसांना त्यांचं काम करायला मोकळीक मिळते. शिवाय त्यानंतर मारलेला औषधाचा स्प्रे अस्तरापर्यंत पोचतो, शेंबडाच्या थरावर अडून राहत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ७६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत कमी झाली आणि त्यांना अँटिबायोटिकही कमी लागली. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही जुनाट सायनसायटिससाठी नाक धुण्याची शिफारस आहे. आपल्याकडे योगातली जलनेती अनेकांना माहीत आहे. मुळात गोष्ट तीच आहे.

वुजू आणि नाक धुणं : सारखं काय, वेगळं काय

"आम्ही तर दिवसातून पाच वेळा नाकात पाणी घेतो, मग वेगळं कशाला?" हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो.

वुजूमध्ये तीन वेळा नाकात पाणी घेणं आणि ते शिंकरून काढणं सुन्नत आहे. हनफी मसलकात गुस्लमध्ये नाकात पाणी घेणं फर्ज मानलं जातं. नाक साफ ठेवण्याची ही सवय चांगलीच आहे. नाकाच्या पुढच्या भागातली धूळ त्यानं निघते.

पण वुजूचं पाणी नाकाच्या नरम भागापर्यंत जातं. सायनसची वाट त्याच्या बरीच आत आणि वर आहे. शिवाय साधं पाणी अस्तराला झोंबतं, कारण शरीरातल्या पाण्यात मीठ असतं आणि नळाच्या पाण्यात ते नसतं. म्हणून वुजू ही इबादतीची पाकी आहे आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं हा उपचार आहे. एकाच्या जागी दुसरं येत नाही. सायनस मोकळा व्हावा म्हणून वुजू करताना नळाचं पाणी जोरानं आत ओढायचं, हे तर अजिबात करू नका. त्याचं कारण पुढे आहे.

सगळ्यात महत्त्वाचं : पाणी कुठलं?

कोमट गोड्या पाण्यात क्वचित एक अमिबा सापडतो. त्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. ते पाणी प्यायलं तर काही होत नाही. पण ते नाकात खोलवर गेलं तर हा अमिबा वास घेणाऱ्या नसांवाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. हा आजार फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत.

२०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात दोघांचा यानं मृत्यू झाला. दोघंही नेतीच्या भांड्यात घरच्या नळाचं पाणी घेऊन नाक धूत होते. त्याच वर्षी कराचीतल्या १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी कोणीही पोहायला किंवा पाण्यात खेळायला गेलं नव्हतं. वुजू करताना नळाचं पाणी नाकात गेल्यानं लागण झाली असावी, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं. आपल्या देशात केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये या आजाराचे रुग्ण आढळले, काही मुलांचा मृत्यू झाला.

हे वाचून वुजूला घाबरायचं कारण नाही. जगभरात कोट्यवधी लोक रोज पाच वेळा वुजू करतात आणि हा आजार त्यांच्यातल्या फारच थोड्यांना होतो. पण काळजी घेणं आपल्या हातात आहे. वुजूत पाणी अलगद घ्या, डोक्यापर्यंत ओढू नका. घरावरच्या आणि मस्जिदीवरच्या टाक्या ठरावीक दिवसांनी रिकाम्या करून घासून घ्या, झाकण घट्ट ठेवा. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी किती तापतं ते आपण रोज पाहतो. असं गरम पाणी या अमिबाला मानवतं. टाकीतल्या क्लोरीनबद्दल मस्जिद कमिटीनं महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाशी बोलून घ्यावं. ज्यांना जास्तच खबरदारी घ्यायची आहे त्यांनी नाकापुरतं उकळून गार केलेलं पाणी लोट्यात ठेवावं.

सायनससाठी नाक धुताना मात्र नियम पक्का ठेवायचा, त्यात सूट नाही :

पाणी खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. मग झाकून गार होऊ द्या आणि कोमट असताना वापरा. झाकून ठेवलेलं पाणी एका दिवसात संपवा, उरलं तर टाकून द्या.

आरओचं पाणी किंवा बाहेरून येणारा थंड पाण्याचा जार प्यायला ठीक असेल, पण तो निर्जंतुक आहे असं धरून चालू नका. तेही उकळाच.

बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये घालायला जे डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते नाकासाठी नाही. ते कधीही वापरू नका.

मेडिकलमध्ये मिळणारी नॉर्मल सलाईनची बंद बाटली चालते. तिच्यात मीठ योग्य प्रमाणात असतं, वेगळं घालायचं नाही. उघडल्यावर मात्र ती फार दिवस ठेवायची नाही.

मिठाचं प्रमाण

शरीराला न झोंबणारं प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. घरच्या हिशेबानं अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा पाऊण चमचा बारीक मीठ, चमचा सपाट, शीग भरून नाही. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबणं कमी होतं.

मीठ स्वच्छ आणि बारीक हवं. जाडं मीठ किंवा काळं मीठ नको. साध्या मिठानं जळजळ झाली तर मेडिकलमधून नाक धुण्यासाठी मिळणाऱ्या तयार पुड्या आणा, त्यांच्याबरोबर बाटलीही मिळते. पाणी झोंबलं तर बहुतेक वेळा मीठ कमी किंवा जास्त पडलेलं असतं, नाहीतर पाणी फार गार असतं.

नाक कसं धुवायचं

हात साबणानं धुवा. बेसिनवर किंवा मोरीत पुढे वाका. डोकं थोडं एका बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवा आणि तोंडानंच श्वास घ्या. "आऽऽ" असा आवाज करत राहिलात तर पाणी घशात कमी उतरतं.

वरच्या नाकपुडीत बाटलीचं किंवा नेतीच्या भांड्याचं टोक टेकवा आणि पाणी हळूहळू जाऊ द्या. बाटली दाबायची असेल तर अगदी हलक्या हातानं. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून किंवा तोंडातून बाहेर येईल. एका बाजूला साधारण १०० ते १२० मिलिलिटर पाणी पुरे. मग बाजू बदला.

झाल्यावर पुढे वाकून डोकं डावीकडे-उजवीकडे करा, आत राहिलेलं पाणी गळून जातं. नाक शिंकरताना एका वेळी एकच बाजू, तीही हलकी. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरानं शिंकरलं तर पाणी आणि जंतू कानाकडे जाऊ शकतात. कान दुखण्याच्या तक्रारी त्यातूनच येतात.

दिवसातून एकदा पुरेसं आहे. त्रास जास्त असेल तेव्हा दोनदा. कारखान्यातून किंवा धुळीतून घरी आल्यावरची वेळ सगळ्यात चांगली. झोपायच्या अगदी आधी नको, निदान तासभर आधी करा, नाहीतर आडवं झाल्यावर राहिलेलं पाणी घशात उतरतं. स्प्रे वापरत असाल तर आधी नाक धुवा, पंधरा-वीस मिनिटांनी स्प्रे घ्या.

बाटली वापरल्यावर उकळलेल्या पाण्यानं धुऊन उघडी वाळत ठेवा. घरातल्या प्रत्येकाची बाटली वेगळी हवी. आणि दर तीन महिन्यांनी ती बदला.

पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं, डोळ्यांत पाणी येतं. नंतर सवय होते. पण नाक पूर्ण बंद असेल, पाणी पलीकडे जातच नसेल तर जोर करू नका. कान दुखत किंवा वाहत असेल, नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालं असेल, वरचेवर नाकातून रक्त येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धुऊ नका. लहान मूल रडत-झटापट करत असेल तर जबरदस्ती नको. तान्ह्या बाळांसाठी सलाईनचे थेंब मिळतात, ते डॉक्टर सांगतील तसे.

खिशातली ती छोटी बाटली

नाक लगेच मोकळं करणारे थेंब, ज्यांच्यात ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असतं, ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात. पाच मिनिटांत आराम पडतो, म्हणून ते आवडतात. पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की उलटा परिणाम सुरू होतो. थेंबाचा असर ओसरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. अनेक जण वर्षानुवर्षं या चक्रात अडकलेले असतात आणि त्यांना वाटतं आजार वाढला. खरं तर नाक थेंबांनीच चोंदलेलं असतं. बीपी आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. सवय लागली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ती सुटते, त्याची पद्धत आहे.

याउलट, डॉक्टर जो स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे देतात, त्याला लोक नावाला घाबरतात आणि चार दिवसांत बंद करतात. या स्प्रेमधलं औषध फार थोडं असतं आणि मुख्यतः नाकातच काम करतं. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे किंवा जास्त लागतात. तो रोज घ्यायचा असतो, त्रास झाल्यावर नाही. स्प्रे मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं ठेवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की दिशा आपोआप बरोबर येते. पडद्यावर मारल्यानं नाकातून रक्त येतं.

अँटिबायोटिक मनानं आणू नका. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, तिथं त्यांचा उपयोग नाही.

घरातले जुने उपाय

वाफेनं बरं वाटतं, आजार जात नाही. घ्यायची तर साध्या पाण्याची, आणि उकळत्या पातेल्याजवळ लहान मुलांना कधीच बसवू नका. भाजल्याच्या जखमा सायनसपेक्षा फार वाईट.

बाम नाकाच्या आत लावायचा नसतो. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कुठेच लावू नका.

कलौंजीवर आपल्या घरांत श्रद्धा आहे. ती जेवणात खुशाल खा. पण कलौंजीचं किंवा मोहरीचं तेल मनानं नाकात सोडू नका. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर तिथं सूज येऊ शकते.

घरातल्या एखाद्या नानी-दादींना तपकिरीची सवय असते. "तपकिरीनं नाक मोकळं होतं" असं त्या म्हणतात. मोकळं होतं ते शिंकांनी, आणि आतलं अस्तर तंबाखूनं जळत राहतं. प्रेमानं, हळूहळू सोडवा.

आणि लोबान. जुमेरातीला घरभर लोबान फिरवण्याची रीत अनेक घरांत आहे. उदबत्ती, मच्छर कॉइल, तीव्र अत्तर हेही त्यातच धरा. ज्या घरात सायनस, ॲलर्जी किंवा दमा आहे तिथं बंद खोलीतला धूर हा थेट त्रास आहे. खिडक्या उघड्या ठेवा, रुग्ण बाहेर असताना करा, नाहीतर सोडून द्या.

कामाच्या जागी आणि घरात

फाउंड्रीत फेटलिंग-ग्राइंडिंगवर, सुताच्या खात्यात, हळद-मिरचीच्या कामावर असणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बारीक धूळ रुमालातून आत जाते. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा, कंपनीकडे मागा. फाउंड्रीची वाळूची धूळ नाकापुरती थांबत नाही, फुप्फुसंही खराब करते. घरी आल्यावर कपडे बदला, तोंड धुवा, मग नाक धुवा. रस्त्यावर नकाब किंवा स्कार्फ वापरणाऱ्या बहिणींनी तो रोज धुवावा, कालची धूळ आज श्वासात नको.

घरात झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा, गोधड्या-गाद्यांना कडक ऊन द्या. त्यांच्यात धुळीतले बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरची काळी-हिरवी बुरशी रंगाखाली दडवू नका. ओल कुठून येते ते आधी बंद करा.

रमजानमध्ये काय करायचं?

रोज्यात नाकात पाणी घेताना जोर करू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे आणि आपण ती लहानपणापासून ऐकतो. नाकावाटे घशात उतरणारं पाणी किंवा औषध याबद्दल उलमांची मतं आहेत. आपल्या मसलकाप्रमाणे आपल्या आलिमांना विचारा.

पण बहुतेकांना हा पेच पडतच नाही. नाक इफ्तारनंतर धुवा. तरावीहआधी वेळ मिळतो. दुसऱ्यांदा हवं असेल तर सहरीची वेळ संपायच्या बऱ्याच आधी. स्प्रेही बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा असतो, तो याच वेळांना बसवता येतो. डॉक्टरांना रमजानच्या आधीच सांगून ठेवा. महिनाभर औषध बंद ठेवून ईदला आजारी पडण्यात काही सवाब नाही.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं. तापासह असह्य डोकेदुखी, मान आखडणं, गुंगी. अशा वेळी घरगुती उपाय नाही, त्याच तासाला दवाखाना. नाकात किंवा तालूवर काळी खपली, चेहरा बधिर होणं, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाला, हे म्युकरमायकोसिसचं म्हणजे काळ्या बुरशीचं लक्षण असू शकतं. २०२१ मध्ये कोरोनानंतर या बुरशीनं किती घरं उद्ध्वस्त केली ते आपण पाहिलं आहे. साखर ताब्यात ठेवणं हीसुद्धा नाकाचीच काळजी आहे.

एकाच बाजूनं रक्त किंवा घाण वासाचा स्राव येत असेल तर तपासून घ्या. लहान मुलात त्याचं कारण बऱ्याचदा नाकात अडकलेला मणी, चिंचोका किंवा शेंगदाणा असतो. मोठ्यांत कधी वरची किडलेली दाढ कारण निघते, गालातल्या सायनसच्या तळाशी तिची मुळं असतात.

कुपवाडकरांना तपासणीसाठी लांब जावं लागत नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत दवाखाना सुरू केला, तेव्हापासून मिरज उपचारांचं गाव म्हणून ओळखलं जातं. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीनं नाक आतून पाहतात. पडदा वाकडा आहे का, मांस वाढलं आहे का, ते कळतं. गरज पडली तर सिटी स्कॅन. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. आणि झालं तरी नंतर मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चालूच ठेवायला सांगतात.

उद्यापासून इतकं करा. एक बाटली, एक मिठाची पुडी, रोज उकळून ठेवलेलं पाणी. दोन-तीन महिने नेमानं करा आणि त्रास किती दिवस झाला ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. फरक पडला तर सवय चालू ठेवा. नाही पडला तर तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांचं निम्मं काम झालेलं असेल. अल्लाह सगळ्या आजारी माणसांना शिफा देवो.